खो-खोच्या पटावर वजीर कशाला?

दिशेविषयी बोलण्याचा अधिकार कोणास असेल, तर तो मुधोळच्या माणसास आहे, असे आम्ही समजतो. आमचे गाव गेल्या सत्तर वर्षांत तसूभरही हललेले नाही. पण जिल्ह्याच्या कचेरीस जावयाचे तर तोंड कोणीकडे करावयाचे, ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र तेवढ्या काळात दोनदा बदलले. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमचा तालुका हैदराबाद संस्थानाच्या नांदेड जिल्ह्यात मोडत असे आणि आमचे वडीलधारे पश्चिमेची वाट धरीत. राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने मुधोळ, भैंसा व कुबेर ही सर्कले आंध्र प्रदेशास जोडली, उलट किनवट व राजुरा मुंबई राज्यास दिली, आणि आमची वाट ईशान्येस आदिलाबादकडे वळली. पुढे २०१४ साली तेलंगण राज्य झाले, ऑक्टोबर २०१६ मध्ये निर्मल हा निराळा जिल्हा निघाला, आणि आता आम्ही कागदपत्रांची पिशवी घेऊन पूर्वेस जातो. स्थान एक, दिशा तीन. बसल्या जागी दिशा बदलली म्हणजे काय होते, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको.

तथापि आज आम्हांस त्या सीमेविषयी लिहावयाचे नाही. त्याबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे, आणि गोव्याच्या वाचकांस तर सीमेची आणि भाषेची दुखणी सांगावयास जाणे म्हणजे काशीस गंगाजल नेण्यासारखे आहे. आम्हांस लिहावयाचे आहे ते दुसऱ्या एका रेषेविषयी, चुन्याने आखलेल्या. ती रेषा शाळेच्या मागच्या मैदानावर असते, तिच्यावर आठ मुले उकिडवी बसलेली असतात, आणि नववे धावत असते. त्या खेळाचे नाव खो-खो. ह्या खेळातील दिशेचा नियम आज काही मंडळींस जाचक वाटू लागला आहे. तो सैल करावा, निदान एका गड्यापुरता तरी तो उठवावा, असे त्यांनी ठरविले आणि तसे करूनही दाखविले. आमच्या मते ही सुधारणा नसून खेळाच्या मर्मावरच घातलेला घाव आहे. असे आम्ही का म्हणतो, ते क्रमाने मांडतो.

प्रथम नियम समजून घेऊ. खो-खो सर्वांनी पाहिलेला असतो, पण त्याची घटना फारच थोड्यांनी वाचलेली असते. मैदानाच्या दोन टोकांस दोन खांब, त्यांना जोडणारी मधली पाटी, आणि तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या. जेथे छेद तेथे एक चौरस, आणि प्रत्येक चौरसात पाठलाग करणाऱ्या संघाचा एक गडी. पहिल्याचे तोंड एका बाजूस, तर दुसऱ्याचे विरुद्ध बाजूस. असे एकाआड एक आठ जण. म्हणजे चौघे इकडे पाहतात, चौघे तिकडे. नववा गडी उठून पाठलाग करतो. पळणारे एका वेळी तिघे. त्यांच्यावर दिशेचे कसलेही बंधन नाही. बसलेल्यांच्या मधून ते वाटेल तसे नागमोडी जाऊ शकतात, इकडची बाजू सोडून तिकडे आणि तिकडची सोडून इकडे येऊ शकतात.

पाठलाग करणाऱ्यास मात्र ह्यांतले काहीही करण्याची मुभा नाही. त्याने मधली पाटी ओलांडावयाची नाही. एकदा एका खांबाच्या रोखाने पाऊल टाकले, की ती त्याची दिशा झाली. तो खांब गाठेपर्यंत त्याने मागे फिरावयाचे नाही. पाय तर राहोच, जुन्या नियमांनी त्याच्या खांद्यांचीही मर्यादा बांधून दिलेली आहे: घेतलेल्या दिशेशी खांद्यांची रेषा काटकोनाहून अधिक वळली, की पंचाची शिटी वाजलीच. खांबापलीकडच्या मोकळ्या पट्टीत गेल्यावर काय ती सुटका. आणि पळणारा गडी चुकवून दुसऱ्या बाजूस गेला, तर पाठलाग करणाऱ्यापुढे एकच मार्ग उरतो. त्या बाजूस तोंड करून बसलेल्या आपल्या सोबत्याच्या पाठीस हात लावावा, मोठ्याने ‘खो’ म्हणावे, आणि स्वतः त्याच्या जागी त्याच्याच दिशेस तोंड करून बसावे.

आता वाचकांनी क्षणभर थांबून ह्या रचनेकडे पाहावे. खो दिला जातो तो हौसेने दिला जात नाही. मला तिकडे जाता येत नाही, मला मागे वळता येत नाही, म्हणून मी तुला उठवितो. पाठलाग करणाऱ्यास जर मधली पाटी ओलांडता आली असती आणि वाटेल तेव्हा वळता आले असते, तर त्या आठ जणांना तेथे बसविण्याचे प्रयोजनच काय होते? सर्वांत चपळ गड्याने एकट्याने धावावे आणि बाकीच्यांनी टाळ्या पिटाव्यात. खो-खो हा सांघिक खेळ आहे तो दिशेच्या बंधनामुळे. बंधन हे कारण आणि सोबत हे त्याचे कार्य. कारण काढून घ्यावयाचे आणि कार्य शिल्लक राहील अशी आशा करावयाची, हे तर्कशास्त्रात बसत नाही.

आम्ही व्यवसायाने वकील असल्यामुळे ह्या खेळातील दंडाची तरतूद आम्हांस विशेष विचार करावयास लावते. इतर बहुतेक खेळांत नियमभंग झाला, की गुण जातो, चेंडू जातो किंवा गडी बाहेर जातो. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने दिशेचा नियम मोडला, तर पंच त्याला थांबवितो आणि उलट दिशेस जावयास लावतो, आणि असे जाताना त्याच्या हातून कोणी बाद झाला, तर तो बाद धरला जात नाही. गुन्हा दिशेचा, आणि शिक्षाही दिशेचीच! दंडसंहिता रचणाऱ्यांनी हेवा करावा असे हे प्रमाण आहे. डेक्कन जिमखान्याच्या पुढाकाराने १९१४ साली पुण्यात नियम बांधावयास सुरुवात झाली. पुढे बडोद्याच्या जाणकारांनी आणि महाराष्ट्रातील शारीरिक शिक्षणाच्या संस्थांनी त्यांवर संस्कार केले. बडोद्याहून दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत निघाला तो ह्याच ध्यासाच्या काळात. ही माणसे नुसती तालीमबाज नव्हती. नियम म्हणजे काय, हे त्यांना कळत होते.

आमच्या मैदानी खेळांत नुसती धावपळ आहे, बुद्धी पाहावयाची तर बुद्धिबळाच्या पटावर पाहावी, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. हा समज ज्यांचा आहे त्यांनी आट्यापाट्या कधी नीट पाहिलेल्या नसाव्यात. तुकोबांच्या गाथेत मृदंगपाट्यांचा अभंग आहे, म्हणजे पाट्यांचा खेळ आमच्याकडे किती जुना आहे ते दिसते. त्यात पाटी धरणारा गडी आपल्या पाटीपुरता राजा. पाटीबाहेर त्याची सत्ता नाही. सर्व पाट्यांस छेदून जाणारी जी उभी सूरपाटी, तिच्यावर धावण्याचा मान एका ‘सुरा’चा. पलीकडच्याने सगळ्या पाट्या ओलांडून परत यावयाचे आणि लोण आणावयाचे. चळवळीचे लोण खेड्यापाड्यांत पोचले, असे आपण लिहितो, तेव्हा ही पाट्यांची भाषाच आपण बोलत असतो. तसेच ‘खो देणे’. व्यवहारात त्याला उगाच वाईट अर्थ चिकटला. कोणी कोणाची जागा घेतली, की खो दिला असे आपण म्हणतो. मैदानावर त्याचा अर्थ नेमका उलटा आहे: स्वतःची धाव सोडून दुसऱ्यास ती देणे.

स्थान, दिशा आणि गती ह्या तिहींचा विचार हाच ह्या खेळांचा पाया आहे. कबड्डीतही तेच. डावा कोपरा, उजवा कोपरा, मध्यरक्षक ही स्थाने. मध्यरेषा आणि निदानरेषा ह्या मर्यादा. आणि चढाई करणाऱ्याने दम धरून पलीकडे जावयाचे व परत आपल्या अंगणात यावयाचे, ही दिशा. प्राथमिक शाळेतील मुलांस आज हाच विषय चित्रांतून शिकवितात. चेंडू पेटीच्या आत आहे की बाहेर, मांजर झाडाच्या डाव्या अंगास आहे की उजव्या, असे प्रश्न विचारतात आणि मुले पेन्सिलीने खुणा करतात. त्यास आमची हरकत नाही. पण समोर बसलेल्याचा डावा तो माझा उजवा, हे ज्या मुलास कागदावर उमगत नाही, त्याला खो-खोच्या चौरसात बसविले, की चार दिवसांत उमगते. तेथे चुकीचे उत्तर दिले, तर गुण कापला जात नाही, गडी निसटतो.

आमच्या मुधोळात तर ह्या शिक्षणास आणखी एक पदर होता. आमच्या लहानपणी मैदानावर तीन भाषा खेळत. आम्ही ‘डावीकडे, डावीकडे’ म्हणून ओरडावे, तेलुगू पोरांनी ‘एडमा, एडमा’ म्हणावे, आणि दखनी बोलणाऱ्यांनी ‘उलटे हात कू’ म्हणून हाकारावे. ऐन धावेत हे तिन्ही एकदम कानांवर पडत आणि पायांना तिन्ही कळत. एक शब्द मात्र कोणालाच आपल्या भाषेत आणावा लागला नाही, आणि तो म्हणजे ‘खो’. पाठीवर थाप बसली, कानी खो पडला, की उठावयाचे. थाप कोणाची आणि मातृभाषा कोणती, हे विचारावयास उसंतच नसे. ह्या खेळाची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्यास, म्हणजे तेलुगू मुलखात भरली, हे वाचले तेव्हा आम्हांस नवल वाटले नाही.

आता प्रतिपक्षाकडे वळू. २०२२ च्या ऑगस्टात पुण्याच्या बालेवाडीस ‘अल्टिमेट खो खो’ नावाची व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली. मातीच्या जागी गादी आली, मैदान आखूड झाले, गडी कमी झाले, झगमगाट आला. ह्यांतले पुष्कळसे आम्हांस मान्य आहे. गुडघे सोलून घेण्यात काही पुण्य आहे असे आम्ही मानीत नाही; पोरांना चार पैसे मिळाले आणि त्यांची नावे घरोघर पोचली, ह्याचा आनंदच आहे. तेलुगू योद्धाज ह्या संघातून पुण्याचा प्रतीक वाईकर खेळला, तेव्हा आमच्या गावी दोन्ही भाषांच्या घरांत टाळ्या वाजल्या. पण ह्या स्पर्धेने आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे ‘वजीर’. पाठलाग करणाऱ्यांपैकी एकास वजीर नेमावयाचे. इतरांनी एकाच दिशेस धावावे, पण वजिराने वाटेल त्या दिशेस धावावे, वाटेल तेव्हा वळावे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस पहिला विश्वचषक भरला. तेथे वाईकरच्या नेतृत्वाखाली आपल्या पुरुषांनी नेपाळला ५४-३६ असे आणि प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी ७८-४० असे हरविले. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आम्हांस अभिमान वाटला. पण त्या पटावरही वजीर होताच.

वजिराच्या बाजूने तीन युक्तिवाद केले जातात. त्यांची आम्ही एकेक करून तपासणी करतो.

पहिला युक्तिवाद असा: खेळांचे नियम नेहमीच बदलत आले आहेत, बुद्धिबळातला वजीरही पूर्वी तिरपे एकच घर चालत असे, पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आजची शक्ती मिळाली आणि खेळ अधिक रंगला. हे खरे आहे. आमच्या देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीसही एकच घर पुढे सरे आणि ज्या मोहऱ्याच्या घरात पोचे तेच मोहरे होई. आज आपण तसे खेळत नाही. पंजाबचा मीर सुलतान खान देशी रीतीवर वाढला, नवी रीत शिकला, आणि त्याने १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटनचे अजिंक्यपद पटकावले. नियम बदलू नयेत असे आम्ही म्हणतच नाही. पण बुद्धिबळाच्या वजिराला शक्ती मिळाली म्हणून हत्ती, उंट, घोडा बेकार झाले नाहीत, कारण प्रत्येकाची चाल निराळी हाच त्या खेळाचा मूळ करार होता. खो-खोचा मूळ करार ह्याच्या उलट आहे: येथे सर्वांची चाल एक, सर्वांस बंधन एक, आणि जो उठेल तो त्याच बंधनाने बांधलेला. बुद्धिबळातून वजीर उसना आणताना त्यामागची समाजरचनाही आपण उसनी आणली, ह्याचे भान संयोजकांस राहिले नाही. पटावर राजा, वजीर आणि प्यादी असणे शोभते. पाठीला पाठ लावून बसलेल्या आठ पोरांमध्ये वजीर कोण आणि प्यादी कोण?

दुसरा युक्तिवाद इतर खेळांचा. फुटबॉलमध्ये गोलरक्षकास हात वापरता येतो, व्हॉलीबॉलमध्ये लिबेरो असतो. मग खो-खोत एकास सवलत दिली तर काय बिघडले? बिघडते ते असे. गोलरक्षकाचे हात त्याच्या चौकटीपुरतेच चालतात. बाहेर पडला, की तोही इतरांसारखाच. लिबेरोस मागच्या फळीत खेळावे लागते. म्हणजे तेथे सवलत देताना तिच्याभोवती कुंपणही घातलेले आहे. आट्यापाट्यांतल्या सुराचेही तसेच. त्याला इतरांहून लांब पाटी मिळते, पण पाटी सोडता येत नाही. कोणी हॉकीचा दाखला देतील, की तेथे गेल्या शतकाच्या अखेरीस ऑफसाइडचा नियम पार काढून टाकला आणि खेळ काही बुडाला नाही. बरोबर, पण तो काढला तो सर्वांसाठी. एका गड्यापुरता ऑफसाइड माफ, असे कोणी केले नाही. फुटबॉलने १९२५ साली त्याच नियमाचे माप बदलले. पुढे तीन प्रतिस्पर्धी असावेत अशी अट होती, ती दोनांवर आणली. गोल वाढावेत हाच हेतू होता, पण नियमाचे मर्म ठेवून मापच बदलले. माप बदलणे वेगळे आणि एकास नियमाबाहेर काढणे वेगळे. आपल्या राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाने कायद्यापुढे सर्व समान असा पुकारा केला. मैदानावर हे तत्त्व पोरांना जितके सहज पटते तितके न्यायालयात आम्हांसही पटवून देता येत नाही. तेथेच आपण त्यांना विशेषाधिकार दाखवावयाचा काय?

तिसरा युक्तिवाद सर्वांत प्रामाणिक आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे. प्रेक्षकांस वेग हवा, नाट्य हवे, एखादा नायक हवा. आठ जण आळीपाळीने उठतात-बसतात तेव्हा डोळा कोणावर ठेवावा हेच कळत नाही, असे ही मंडळी म्हणतात. ह्यास आमचे उत्तर प्रो कबड्डीचे आहे. २०१४ साली ती स्पर्धा सुरू झाली. तिनेही नवे नियम आणले. दोन चढाया कोऱ्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर गडी बाद, ही त्यांतलीच एक युक्ती. पण चढाई करणाऱ्याने मध्यरेषा ओलांडून जावे आणि परत यावे, हे त्यांनी कोणासही माफ केले नाही. वेळेस चाप लावला, गुणांचे हिशेब बदलले, पण दिशेस हात लावला नाही. आणि लोकांनी तो खेळ डोक्यावर घेतला. म्हणजे लोकांस वेग हवा असतो हे खरे असले, तरी मर्म मोडल्याशिवाय वेग येत नाही हे खरे नाही. खो-खोच्या चाहत्यास नाट्य हवे असेल, तर खांबाशी टेकून फसवी झेप घेणारा पाठलागी आणि क्षणार्धात बसलेल्यांच्या आडून निसटणारा गडी ह्यांहून मोठे नाट्य कोणते? जो वळू शकत नाही त्याने पुढच्याची दिशा आधीच ओळखून खो द्यावा, हे नाट्यच आहे. वजिराने ते नाट्य सोपे केले.

येथवर कोणी म्हणेल, की ही व्यावसायिक स्पर्धेची गोष्ट. तेथे काय करावयाचे ते ते पाहतील, शाळेच्या मैदानास त्याची झळ ती कसली? झळ कशी लागते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या परिसरातील एका गावी शालेय सामने भरले होते. जुने खेळाडू म्हणून आम्हांस पाहुणे म्हणून बोलाविले होते. मुलींचा सामना होता. खेळ चालू होण्यापूर्वी संयोजकांनी जाहीर केले, की ‘टीव्हीप्रमाणे’ प्रत्येक संघास एक वजीर मिळेल. एका संघात एक उंच, वाऱ्यासारखी धावणारी मुलगी होती. तिला अर्थातच वजीर केले. तिने पळणाऱ्यांना दमवून दमवून बाद केले. लोकांनी शिट्या वाजविल्या, आम्हीही टाळ्या दिल्या; मुलगी खरोखरच गुणी होती. तिला कोणास खो देण्याची गरजच पडेना. पळणारी मागे वळली, की हीही मागे वळे. चौरसांत बसलेल्या मुली पहिल्यांदा टाचा उचलून तयार बसल्या होत्या. थोड्या वेळाने टाचा टेकल्या. मग माना वळू लागल्या. शेवटी शेवटी तर एकजण मातीत बोटाने काहीतरी काढीत बसली होती.

डाव संपल्यावर ती मुलगी पाणी प्यावयास आमच्या शेजारी आली. आम्ही सहज विचारले, “काय बाई, जिंकलात ना?” ती म्हणाली, “जिंकलो काका. पण मला खो आलाच नाही.” आणि मग जरा थांबून, जणू काही आमचीच समजूत घालावी तशी म्हणाली, “ती असली की लागत नाही आम्ही.”

‘लागत नाही आम्ही.’ वाचकहो, आम्ही वीस वर्षे न्यायालयात उभे आहोत, पुष्कळ साक्षी ऐकल्या आहेत. इतकी स्वच्छ साक्ष क्वचितच ऐकावयास मिळाली. संयोजकांपाशी आम्ही हे बोललो. त्यांनी हसून सांगितले, की लोकांस तेच आवडते. आम्ही त्यांना दोष देत नाही. वरून जसे येते तसे खाली झिरपते. दिल्लीच्या दिव्यांच्या झोतात जे शोभा म्हणून केले, ते गावच्या मैदानावर शिस्त म्हणून उतरते. तेथल्या खेळाडूंना निदान मानधन असते. आमच्या मुलीला एक खो हवा होता.

आणि आता एक गोष्ट, जी सीमेवरच्या माणसासच कदाचित अधिक दिसते. खो-खोत पाठलाग करणारे नऊ असतात आणि पळणारे तीन. नियमाचे ओझे कोणावर टाकले आहे? नऊ जणांवर. मोकळीक कोणास दिली आहे? तिघांस. ज्यांनी हे नियम बांधले त्यांनी जाणून बांधले असोत वा नसोत, त्यांत न्यायबुद्धी आहे: जे संख्येने अधिक, त्यांनी बंधन पाळावे, म्हणजे जे थोडे आहेत त्यांना हालचालीस जागा मिळते. १९५६ साली आमचा गाव एका राज्यातून दुसऱ्यात गेला, त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हा अनुच्छेद आला आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यांस सांगण्यात आले. त्या तरतुदीचे मर्म ह्याच जातीचे आहे. बहुसंख्येने स्वतःस एक रेषा आखून घ्यावयाची आणि ती ओलांडावयाची नाही. ती रेषा पाळली जाते तेथे आमच्यासारखे सुखाने राहतात. आणि जेथे ‘एकाच्याने काय होते, एकास मोकळे सोडा’ म्हणून ती पुसली जाते, तेथे थोड्यांची दाणादाण उडते. पोरांनी हे घटनेच्या पुस्तकातून शिकावे, असा आमचा आग्रह नाही. ते खो-खोच्या चौरसात बसून शिकत होते. ती शाळा तरी बंद करू नका.

आमचे मागणे फार नाही. व्यावसायिक स्पर्धावाल्यांनी आपला वजीर हवा तर ठेवावा. प्रेक्षकांचे पैसे त्यांचे, जबाबदारीही त्यांची. पण खो-खो महासंघाने आणि राज्यांच्या संघटनांनी हे स्पष्ट लिहून द्यावे, की शालेय आणि वयोगटांच्या सामन्यांत वजीर असणार नाही. तेथे जो उठेल तो एकाच दिशेने धावेल. पंचांनी खांद्याच्या रेषेकडेही पूर्वीसारखेच डोळ्यांत तेल घालून पाहावे. शाळांनी मुलांस प्रश्नपत्रिकेत डावे-उजवे विचारण्यापूर्वी एकदा मैदानात बसवावे. त्यासाठी मैदान असावे लागते, हे वेगळे सांगावयास नको. आणि विश्वचषकाच्या संयोजकांनीही एकदा वजिराविना सामना लावून पाहावा. त्यांच्याकडचे पुष्कळसे खेळाडू ह्याच जुन्या नियमांवर मातीत वाढलेले आहेत. ते लोकांस कंटाळा आणतील अशी भीती बाळगणे हा त्या खेळाडूंचाच अपमान आहे.

पुढल्या हिवाळ्यात त्या गावी पुन्हा सामने भरतील. संयोजकांस आम्ही आताच पत्र लिहिले आहे, की पाहुणे म्हणून नको, पंच म्हणून बोलवा, आणि नियमांचे पुस्तक आमचे आम्ही आणू. ती मुलगी तेव्हा संघात असेल की नाही, सांगता येत नाही. असली, तर तिने टाचा उचलून बसावे. तिला खो येईल.